'सलमानची आई' एवढीच ओळख?

अभिनेत्री रीमा लागू म्हणजे पडद्यावरची प्रेमळ आई, आणखी काय, असं काही जण म्हणतात ते पटलं नाही. ज्यांनी त्यांना 'पुरुष' नाटकात नाना पाटेकरसमोर किंवा 'सविता दामोदर परांजपे'मध्ये रंगमंचावर पाहिलंय, ते असं म्हणणार नाहीत.

आणि आईचं म्हणाल तर जन्मसालं बघा. रीमा १९५८च्या, सलमान १९६५चा. त्या सलमानची आई झाल्या तो 'मैंने प्यार किया' आला १९८९मध्ये, म्हणजे बाईंनी तिशी जेमतेम ओलांडलेली. 'वास्तव'मध्ये तर संजय दत्त त्यांच्यापेक्षा फक्त वर्षभराने लहान! तरी शेवटच्या प्रसंगात तो मुलगाच वाटतो. केस पांढरे करून हे जमत नाही.

मूळ नाव नयन भडभडे, आई मंदाकिनी भडभडेही अभिनेत्री, शिक्षण पुण्यात हुजूरपागेत. त्या काही वर्षं बँकेत नोकरीला होत्या, हे फारसं कुणाला आठवत नाही.

त्यांच्या विनोदाचा तर कुणी उल्लेखच करत नाही. टीव्हीवरच्या 'श्रीमान श्रीमती'तली कोकी, 'तू तू मैं मैं'मधली सासू! सून झालेल्या सुप्रिया पिळगावकरशी त्यांचं भांडण बघायला आमच्याकडे जेवणाची ताटं टीव्हीसमोर यायची.

मे २०१७मध्ये गेल्या, तेव्हाही एका मालिकेत काम करतच होत्या.