बजेटमध्ये यूपीएसही धरावा
काम आणि गेमिंग यांसाठी एकच संगणक बांधताना निम्मे बजेट ग्राफिक्स कार्डासाठी राखावे, हे मत मला पटते. मात्र पुण्यात, विशेषतः वळवाच्या दिवसांत, वीज अचानक जाते आणि घरून काम करणाऱ्याचे त्यात खरे नुकसान होते, हा मुद्दा त्यात राहून जातो. त्यासाठी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर संगणक काही वेळ बॅटरीवर चालू ठेवणारे उपकरण, लागतो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसची क्षमता सांगणारे एकक) यूपीएस साधारण ३६० वॉट एवढाच भार पेलतो. आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड एकटेच २०० वॉटपर्यंत वीज घेते. त्यात प्रोसेसर आणि मॉनिटर मिळवले, की ऐन खेळात वीज गेल्यावर हा यूपीएस तग धरेल याची खात्री उरत नाही.

शिवाय आजच्या चांगल्या पॉवर सप्लायमध्ये (संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या घटकात) अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज कार्यक्षमतेने खेचणारे सर्किट, असते, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर विजेची जी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात तिच्याशी काही पॉवर सप्लायचे जुळत नाही. संगणक क्षणात बंद पडतो. म्हणून तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी करताना व्हीएबरोबर वॉटचा आकडाही आवर्जून विचारावा आणि शक्य असल्यास प्युअर साइनवेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) यूपीएस घ्यावा, मग त्यासाठी कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांची हौस सोडावी लागली तरी चालेल.