'पडदा आला' आणि 'पडदा सुटला'

प्रश्न
सोलापुरातल्या आयांसाठी एकपानी माहितीपत्रक लिहितेय. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यात नको तशा रक्तवाहिन्या वाढतात, त्या आजाराबद्दल. मसुद्यात 'पडद्याचं ऑपरेशन' असं होतं. एका आजींना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "पडदा आलाय होय? मग पिकू द्या की, घाई कशाला?" त्याऐवजी 'दृष्टिपटल' (रेटिना) लिहू का?

उत्तर : नवजात विभागातली सिस्टर
ताई, आजी बोलल्या ते आपल्या बोलीला धरूनच आहे. 'डोळ्यावर पडदा आला' म्हणजे मोतीबिंदू, नाहीतर बुबुळावर चढलेलं मांस. तो पिकेपर्यंत थांबायची जुनी रीत. या आजारात मात्र थांबलं की नजर जाते. लेझर करायचं ठरलं की दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं.

नुसतं 'दृष्टिपटल' लिहिलंत तर पेटीतल्या बाळाची आई ते वाचून पुढे जाईल. 'डोळ्याच्या आतला, मागचा पडदा' असं लिहा. आणि त्याला 'आला', 'काढला' ही क्रियापदं लावू नका. हा पडदा जन्मतःच असतो, तो जागेवर राहावा म्हणून तर सगळी धडपड. 'सुटला' किंवा 'सरकला' म्हणा.

आणखी एक. 'लेझरनं शिरा जाळतात' असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे, आणि आई घाबरते ती वेगळीच. बाळ लवकर जन्मलं की पडद्याच्या कडेपर्यंत शिरा पोचलेल्या नसतात. तो कोरडा राहिलेला भाग रक्त मागत राहतो, म्हणून सीमेवर नाजूक, वेड्यावाकड्या शिरा फुटतात. लेझर देतात त्या कोरड्या भागावर. मागणी थांबली की या शिरा आपोआप मावळतात.

उत्तर : निवृत्त मराठी शिक्षक
'शीर' शब्दही जपून वापरावा. 'मानेची शीर दबली' म्हणताना आपल्याला मज्जातंतू अभिप्रेत असतो. 'डोळ्याची शीर सुकली' हे काचबिंदूच्या रुग्णाला सांगतात. 'रक्ताच्या बारीक शिरा' लिहिलं की घोटाळा राहत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड बोलणाऱ्या आया पुष्कळ. त्यांच्यासाठी वाक्यं आखूड ठेवा.

प्रश्नकर्ती
सर, 'शिरा'चं पटलं. सिस्टर, मग 'ऑपरेशन' कशाला म्हणायचं? लेझरला, इंजेक्शनला की दोन्हींना?

उत्तर : सिस्टर
तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहा. लेझरमध्ये डोळा कापत नाहीत. इंजेक्शन डोळ्याच्या आत देतात, शिरा वाढवणारा घटक रोखायला. त्यानंतर आजार पुन्हा उचल खाऊ शकतो, म्हणून 'इंजेक्शन झालं, आता सुटलो' असं वाटेल असा एकही शब्द नको. महिनोन्महिने तपासणी लागते. खरं ऑपरेशन पडदा सुटायला लागल्यावरचं : डोळ्यातला जेलीसारखा गर आणि पडदा ओढणारे धागे काढतात. आम्ही त्याला विट्रेक्टॉमीच म्हणतो, तोच शब्द राहू द्या, केसपेपरवर तोच दिसणार. पडदा पूर्ण सुटल्यावर ऑपरेशन करूनही नजर फारशी येत नाही, हेही स्पष्ट लिहा.

आणि सगळ्यात वर, ठळक : बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर ३० दिवसांच्या आत डोळ्यांची पहिली तपासणी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमखालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. 'सवा महिना झाल्यावर दाखवू' हे आमच्याकडे रोज ऐकू येतं, म्हणून तारीख हातानं लिहायला जागा सोडा.