आत्याची १९६२ची व्हेस्पा: गरम झाली की रेस उतरत नाही, बंद पडली की सुरू होत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. जुन्या दोन-स्ट्रोक गाड्या स्वतः उघडणाऱ्या मंडळींचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते.

गाडी व्हेस्पा १५०, १९६२ची. चार गिअर, आठ इंची चाकं, सहा व्होल्ट, पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघड-मीट करणारे संपर्क). आत्याने नवी घेतली होती आणि गुडघे साथ देत होते तोवर तीच चालवत होती. त्यानंतर अकरा वर्षं गाडी कापडाखाली उभी राहिली. आता माझ्याकडे आली आहे. रंग मूळचा आहे, इंजिन मूळचं आहे आणि आत्याच्या सांगण्याप्रमाणे त्याची केस (बाहेरचं धातूचं कवच) आजवर एकदाही उघडलेली नाही.

थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते. पहिली पंधरा-वीस मिनिटं इतकी छान पळते की काही बिघडलंय असं वाटतच नाही. मग हळूहळू एक गोष्ट सुरू होते. अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, तीन-चार सेकंद वरच रेंगाळते. त्यानंतर पिकअप जातो. गेल्या महिन्यात एका चढावर मागचं चाक क्षणभर धरलं, म्हणजे जाम झालं. हात क्लचवरच होता, तो दाबला म्हणून पडले नाही. वीस मिनिटं थांबल्यावर किक मोकळी झाली आणि गाडी सुरूही झाली. तेव्हापासून भीती बसली आहे. शिवाय गरम असताना बंद केली तर पूर्ण थंड होईपर्यंत सुरू होत नाही.

आतापर्यंत केलेलं काम असं: टाकी धुतली, पेट्रोलची नळी नवी घातली, कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) साफ केले, प्लग नवा टाकला. पॉइंट घासले. त्या वेळी मॅग्नेटमागची (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चाकामागची) प्लेट तेलकट दिसली, ती पुसून घेतली. चाक धरल्यानंतर पेट्रोलमध्ये तेल २ टक्क्यांऐवजी ५ टक्के टाकायला लागले. फरक पडला नाही, धूर मात्र वाढला.

ज्या मेकॅनिकला दाखवली त्यांचं म्हणणं, हे इंजिन काढून टाका, नंतरच्या मॉडेलचं इलेक्ट्रॉनिक इग्निशनवालं बसवून देतो. मला हे इंजिन बदलायचं नाही. आत्याचं अर्धं आयुष्य त्यावर गेलं आहे आणि चासी नंबरबरोबर आलेला इंजिन नंबर मला तसाच ठेवायचा आहे. माझा प्रश्न एवढाच, की केस उघडण्याआधी घरी काय काय तपासता येईल, आणि कुठल्या क्रमाने?

प्रतिसाद १

ताई, बाकी सगळं नंतर, आधी तेल परत २ टक्क्यांवर आणा. म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली. तेल वाढवलं की इंजिन थंड राहतं असं वाटतं, पण घडतं उलट. जेट तेवढाच, त्यातून जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं. हवा तितकीच असते, त्यामुळे मिश्रण आणखी पातळ होतं आणि इंजिनाचं डोकं आणखी तापतं.

तुमच्या इंजिनात मिश्रण थेट क्रँकवरून (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यावरून) आत येतं. क्रँकचं पातंच व्हॉल्व्हचं काम करतं. येणारं तेल आधी बेअरिंगला मिळतं, म्हणून तर व्हेस्पाला ५ वरून २ टक्क्यांवर येता आलं. तिला त्याहून जास्त लागत नाही.

आणि लांब उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये उतरू नका. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, चाक मात्र इंजिन फिरवत राहतं. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या.

प्रतिसाद २

गरम असताना सुरू न होणं म्हणजे माझ्या अनुभवात दहातले सात वेळा कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेला विजेचा छोटा भाग. माझ्या जुन्या मोटारसायकलवर याच कारणाने मी दोन कार्बोरेटर उगाच उघडले. परीक्षा सोपी आहे. सोबत प्लगपाना आणि एक कोरा प्लग ठेवा. गाडी बंद पडली की तिथल्या तिथे प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, आतून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी निळी आणि कडकडीत असेल तर इग्निशन ठीक. पिवळट, बारीक असेल किंवा नसेलच, तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल या क्रमाने बघा. पॉइंटची फट ०.३ ते ०.५ मिमीच्या मध्ये हवी, फिलर गेजने मोजा, अंदाजाने नको.

काढलेल्या प्लगचा रंगही इथे लिहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल टाकी रिकामी करून २ टक्क्यांचं पेट्रोल भरलं आणि मुद्दाम गाडी बंद पडेपर्यंत चालवली. ठिणगी पिवळट, मधेच गायब. प्लगचं टोक जवळजवळ पांढरं. मॅग्नेटच्या खिडकीतून पाहिलं तर पॉइंट पुन्हा तेलकट, आणि ते पुसून साठ किलोमीटरसुद्धा झालेले नाहीत. कंडेन्सर मागवू का?

प्रतिसाद ३

मागवा, पण मूळ कारण तो नाही. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर लिहिलं होतं आणि आम्ही दोघा-तिघांनी ते वाचून सोडून दिलं. मॅग्नेटमागे तेल यायला वाट एकच आहे: क्रँकचं मॅग्नेट बाजूचं ऑइल सील.

दोन-स्ट्रोकमध्ये क्रँककेस श्वास घेते. पिस्टन खाली येतो तेव्हा आत दाब तयार होतो. सील कडक झालेलं असेल तर तेल मिसळलेलं पेट्रोल त्याच्या कडेने बाहेर फेकलं जातं आणि पॉइंटवर बसतं. ही तुमची पिवळी ठिणगी. पिस्टन वर जातो तेव्हा आत ओढ तयार होते आणि त्याच कडेने कोरी हवा आत जाते, तिच्यात ना पेट्रोल ना तेल. हा तुमचा पांढरा प्लग, हीच रेंगाळणारी रेस, आणि चढावर पिस्टन धरलं तेही यातूनच. तीन तक्रारींचं मूळ एका रबराच्या कडीत आहे. अकरा वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ते वाळणारच.

आनंदाची गोष्ट अशी की या बाजूच्या सीलसाठी केस उघडावी लागत नाही. मॅग्नेट काढायचा, मागची प्लेट काढायची, सील समोर दिसतं. तीन गोष्टी मात्र सांभाळा.

मॅग्नेटच्या नटाबाहेर एक सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते. ती जागेवर असेल तर नट सोडवताना तोच तिला टेकून मॅग्नेट बाहेर ओढतो, वेगळा पुलर लागत नाही. सर्क्लिप नसेल तर नट हातात येईल आणि मॅग्नेट तिथेच राहील. अशा वेळी हातोडी अजिबात नको, मॅग्नेटच्या कडा फुटतात. आतली अर्धगोल चावीही लगेच डबीत टाका. प्लेट सोडवण्याआधी तिच्यावर आणि केसवर एकच रेघ ओढून घ्या, नाहीतर टायमिंग हरवेल. आणि जुनं सील उपसताना क्रँकच्या दांड्यावर ओरखडा पडू देऊ नका. नवं सील कुठे टेकणार तो पट्टा बोटाने चाचपा. तिथे खोलगट चरा लागला तर नवं सीलही गळेल.

सील व्हिटॉनचं (इंधनाला टिकणाऱ्या रबराचं) घ्या. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला खातं. स्प्रिंगवाली बाजू आत, क्रँककडे.

उघडण्याआधी खात्री करायची असेल तर दाबाची चाचणी करा. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून दोन्ही तोंडं रबराने घट्ट बंद करा आणि प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने ०.४ बारच्या आसपास हवा भरा. कॉम्प्रेसर लावू नका, चांगली सीलंही उखडतील. मॅग्नेट काढलेला असेल तर सीलवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे दिसतील. सायलेन्सर निघालाच आहे तर एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च टाकून पिस्टन बघून घ्या. उभ्या पुसट रेघा चालतील, अॅल्युमिनियम पसरून रिंगा अडकल्या असतील तर नाही.

क्लचच्या बाजूलाही असंच एक सील आहे. तिथे जायला मात्र केस उघडावीच लागते, म्हणून आधी पारखा. याच चाचणीत गिअर ऑइलचं भोक उघडं ठेवा. तिथून बुडबुडे आले किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर तेही सील गेलं.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. इंजिन बदलू नका. कोराडिनो डास्कानियो हा विमानांचा इंजिनिअर, त्याने १९४६मध्ये ही गाडी आणली तेव्हा साखळीच ठेवली नाही. इंजिन, गिअर आणि मागचं चाक एकाच गोळ्यात. तो गोळा बदलला म्हणजे निम्मी गाडी बदलली.

धाग्याचा विषय नाही, तरी लिहितो. गाडी अकरा वर्षं उभी होती, टायर केव्हाचे आहेत? कडेवर चार अंकी आकडा असेल तर पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आकडा तीनच अंकी असेल तर टायर २०००च्या आधीचे, त्यावर चढ-उताराच्या चाचण्या नकोत. आणि बदलताना, ही रिम दोन भागांची आहे. ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय दोन भाग जोडणाऱ्या नटांना हात लावायचा नाही. लोकांना यात गंभीर इजा झाल्या आहेत.

धागाकर्ती

उशिरा लिहितेय, सुटे भाग यायला वेळ लागला.

सर्क्लिप होती, मॅग्नेट स्वतःच बाहेर आला. सील नखाने दाबलं तर लाकडासारखं टणक, आणि खालच्या बाजूला ओठाला चीर. क्रँकचा दांडा गुळगुळीत आहे. पिस्टनवर दोन पुसट रेघा, रिंगा मोकळ्या. नवं सील बसवून दाबाची चाचणी केली, पाच मिनिटं सुई हलली नाही. गिअर ऑइलच्या भोकात एकही बुडबुडा नाही, वासही नाही. तरी ऑइल बदललं, एसएई ३०, २५० मिली. कंडेन्सरही नवा टाकला. टायर तीन अंकी निघाले, तेही बदलले, हवा सोडूनच.

आज पस्तीस मिनिटं चालवली. रेस सोडली की लगेच उतरते. त्याच चढावर थांबले, बंद केली, पहिल्या किकला सुरू झाली. प्लग आता तपकिरी आहे.

परत आले तेव्हा आत्या दारात खुर्ची टाकून बसली होती. गाडी न्यूट्रलवर चालू होती, तिने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, रेस अजून जरा जास्त आहे. मी स्क्रू थोडा थोडा फिरवत गेले, तिने हात वर केला तिथे थांबले.