ऑक्टोबरमधला शनिवार-रविवार संगमेश्वरला आजीकडे: कोणती कामं आधी धरावीत?

घाटकोपरकर
शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून सोमवारी सकाळी मुंबईत परत, एवढाच वेळ आहे. आजी ८१ वर्षांची, वाडीत एकटीच असते. आजोबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे तिला फॅमिली पेन्शन आहे. सोबत सहा वर्षांचा मुलगा. तुतारी एक्स्प्रेसने जायचा विचार आहे.

फलाट
तुतारीची तारीख आधी बघा. दादरहून ती रात्री १२:०५ला सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलंत तर गाडी गुरुवारी रात्रीच गेलेली असेल आणि पैसेही बुडतील. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तत्काळ शुक्रवारी सकाळी, एसी १०ला आणि स्लीपर ११ला. पावसाळी वेळापत्रक चालू असेल तर संगमेश्वरची वेळ पुन्हा तपासा.

खळं
तुम्ही जाल तेव्हा हळव्या (लवकर पिकणाऱ्या) भाताची कापणी चालू असेल. कापलेलं भात चांगलं वाळल्याशिवाय भारे रचू नका; परतीच्या पावसात भिजलेले भारे रचले की आत वाफ धरते आणि दाण्याला मोड येतात. आभाळ भरलं तर आधी ताडपत्री, बाकी सगळं नंतर.
मुलाला पेंढ्याच्या ढिगात आणि जांभ्या दगडाच्या गडग्यात (कुंपणाच्या बांधात) हात घालू देऊ नका. फुरसं हा विषारी साप, तो तिथेच दडतो. जेमतेम फूटभर लांब आणि मातीच्याच रंगाचा, त्यामुळे दिसत नाही. अंगाला अंग घासून खरखर आवाज करतो. अंधार पडल्यावर बॅटरी आणि बंद बूट हवेतच. चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका. पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

औषधपेटी
शनिवारी सकाळी आजीचा गोळ्यांचा डबा कॉटवर ओता. पट्टीवरचं कंपनीने दिलेलं नाव सोडा, औषधाचं मूळ नाव वाचा. दुकानदाराने मध्येच कंपनी बदलली की रक्तदाबाचं एकच अ‍ॅम्लोडिपिन दोन नावांनी डब्यात येतं, आणि म्हातारी माणसं दोन्ही गोळ्या इमानाने घेतात. तसं सापडलं तर स्वतः काही बंद करू नका, तिथूनच डॉक्टरांना फोन लावा.

पेन्शन खिडकी
८० वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांचा हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची वाट कशाला? ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही अ‍ॅप मुंबईतच उतरवून घ्या, वाडीत रेंजचा भरवसा नाही. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर आणि बँक खाते क्रमांक हाताशी ठेवा. या वयात बोटांचे ठसे झिजलेले असतात, म्हणून चेहऱ्यानेच करा. आजीला दाराकडे तोंड करून बसवा. दार पाठीमागे आलं तर चेहरा काळा पडतो आणि अ‍ॅप नाकारतं. चष्मा काढून डोळ्यांची सावकाश उघडझाप करायला सांगा. मेसेजमधला प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) पासबुकात लिहा, आणि दाखला मंजूर झाला का ते आठवडाभराने तपासा.