डोंगरातली रात्र : मुक्कामाने सावरलेल्यांसाठी अनुभव धागा

२०२१च्या एप्रिलात माझा नवरा करोनाने गेला. शेवटचं बघताही आलं नाही. दवाखान्यातून एक पिशवी हातात आली, तिच्यात चष्मा, घड्याळ आणि फोन. पंचवीस वर्षं तो सह्याद्रीत भटकला, मी मात्र एकदाही गेले नाही. शनिवारी डबा भरून द्यायचा आणि रविवारी रात्री चिखलाचे कपडे भिजत घालायचे, एवढाच माझा डोंगराशी संबंध.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरची त्याची सॅक खाली काढली. वरच्या कप्प्यात खडीसाखरेची पुडी होती, एक टॉर्च आणि नीट गुंडाळलेली नायलॉनची दोरी. बराच वेळ ती दोरी हातात धरून बसले. मग त्याच्या ग्रूपमधल्या एकाला फोन केला आणि म्हटलं, पुढच्या वेळी मला न्या.

डिसेंबरात हरिश्चंद्रगडला गेलो. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी, तरी कड्याच्या पोटातून जाणाऱ्या आडव्या टप्प्यावर माझा दम निघाला. कुणी सांत्वन केलं नाही. 'वहिनी, पाय पूर्ण टेकवा', 'पाणी घोट घोट प्या', एवढंच बोलत होते. आठ महिने सांत्वन ऐकून मी इतकी थकले होते, की 'पाय पूर्ण टेकवा' हे वाक्य फार बरं वाटलं.

संध्याकाळी कोकणकड्यावर पोचलो. हा कडा आतल्या बाजूला वळलेला, वाटीसारखा. कोकणातून आलेला वारा त्याला धडकून सरळ वर येतो. खाली टाकलेली हलकी वस्तू वारा परत वर आणून देतो, असं नवरा नेहमी सांगायचा. मला ती थाप वाटायची. ग्रूपमधल्या एकाने वाळक्या गवताची मूठ खाली सोडली. क्षणभर काहीच दिसलं नाही, मग सगळं गवत आमच्या डोक्यावरून मागे उडून गेलं. मी तिथेच खाली बसले.

रात्री अडीचच्या सुमारास वाऱ्याने माझ्या तंबूची एक खुंटी उपटली. कापड तोंडावर फडफडायला लागलं. बाकीचे झोपलेले. टॉर्च डोक्याला लावून बाहेर आले, दगड ओढत आणून कडेला ठेवले, त्याच्याच दोरीने तंबू एका मोठ्या धोंड्याला बांधला. बोटं गारठली होती, गाठ बसत नव्हती. अर्धा तास तरी गेला असेल. आत येऊन स्लीपिंग बॅगेत शिरले तेव्हा लक्षात आलं, त्या अर्ध्या तासात वॉर्डातून आलेला तो शेवटचा फोन मला आठवला नव्हता. रोज रात्री याच वेळेला आठवायचा. नंतर उजाडेपर्यंत झोपले.

घरी आल्यावर रडू थांबलं असं नाही. रात्रीची भीती मात्र कमी झाली. त्यानंतर अकरा मुक्काम झाले.

म्हणून हा धागा काढते आहे. दिवसाचे ट्रेक खूप जण करतात, पण मला वाटतं रात्र डोंगरात काढली की काहीतरी वेगळं घडतं. तुमचं काय झालं ते लिहा. कुठे गेलात, बरोबर कोण होतं, रात्री काय झालं. काही उपयोग झाला नसेल तर तेही लिहा.

*

नाशिक, वय ३८

दारू सोडून पाच महिने झाले होते. मित्र म्हणाले, मोकळ्या हवेत चल, बरं वाटेल. एका धरणाकाठच्या कॅम्पिंगला नेलं. रांगेने तंबू, स्पीकर, आणि आठ वाजल्यापासून शेजारच्या प्रत्येक तंबूत बाटल्या. मी गाडीत जाऊन काचा वर करून बसलो. पहाटेपर्यंत हात कापत होते. त्या रात्री मी प्यायलो नाही, पण कसा राहिलो ते माझं मला माहीत.

आमच्या व्यसनमुक्तीच्या गटातले एक काका आहेत, सोडून वीस वर्षं झालेले. ते म्हणाले, तुला मोकळी हवा नको, हाताला काम हवं. ते मला साल्हेरला घेऊन गेले, वाघांब्याच्या बाजूने. साल्हेर म्हणजे १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. गुडघे बोलायला लागतात.

ज्याने सोडली आहे त्याला विचारा, संध्याकाळचे सात ते नऊ हे दोन तास सगळ्यात वाईट. घरी मी त्या वेळात येरझाऱ्या घालायचो. साल्हेरच्या माथ्याखालच्या पठारावर गंगासागर तलाव आहे आणि जवळच गुहा. सात वाजता आम्ही तलावातून पाणी आणून फडक्यातून गाळत होतो. मग ते उकळलं. कांदा चिरला. स्टोव्हला वारा लागू नये म्हणून दगडांचा आडोसा केला. खिचडी खाली लागली, ती खरवडून खाल्ली, भांडी राखेने घासली. घड्याळ बघितलं तेव्हा सव्वानऊ.

रात्रभर गुहेत उंदीर. शेंगदाण्याची पिशवी फाडून सगळे संपवले. काका घोरत होते. मी जागाच होतो, पण ते जागणं त्रासाचं नव्हतं.

पहाटे वर परशुरामाच्या देवळापाशी गेलो. शेजारी सालोटा, लांब मांगी-तुंगीचे सुळके. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी कथा आहे. काका देवाला हात जोडून म्हणाले, 'याचा आजचा दिवस सांभाळ.' उद्याचा नाही मागितला. आमच्या गटात तसंच मागतात.

आता महिन्यातून एक मुक्काम ठरलेला आहे. काल एकतिसावा झाला.

*

ठाणे, वय २९

माझा अनुभव उलटा आहे, आणि तो इथे असायला हवा असं वाटतं.

मला बायपोलर आजार आहे. तीन वर्षांपूर्वी नैराश्याच्या काळात डोंगराने माणूस बरा होतो असं खूप वाचलं, आणि भीमाशंकरच्या बाजूला एकटीच गेले. सकाळ फार छान गेली. शेकरू दिसलं, इतकं जवळून की शेपटीवरचे केस दिसत होते. रात्री तंबूत मात्र डोकं थांबेना. मला कुणी शोधत येणार नाही, हाच एक विचार. तो किती पुढे गेला ते इथे लिहीत नाही. पहाटे चार वाजता जवळच्या वाडीत जाऊन एका घराचं दार वाजवलं. त्या घरातल्या आजींनी काही न विचारता चुलीपाशी बसवलं आणि चहा दिला. उजाडल्यावर बहिणीला फोन केला.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी नंतर सांगितली. मी लिथियम घेते. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि त्याचा विषारी परिणाम होऊ शकतो. मी त्या चढावर दिवसभर घामाघूम झाले होते आणि पाणी जेमतेम दीड लिटर प्यायले होते. अशा गोळ्या चालू असतील तर ट्रेकआधी डॉक्टरांशी बोला. 'डोंगरात जातोय तर दोन दिवस गोळ्या नकोत' असंही कृपा करून करू नका.

आता मी जाते, पण दोघी-तिघींबरोबर आणि संध्याकाळी खाली उतरते. मला गोळ्यांनी आणि समुपदेशनाने बरं केलं. डोंगर आवडतो म्हणून जाते, आणि एवढं मला पुरतं.

*

पाचनई परिसर, वय २६

धागा काढणाऱ्या ताई आमच्याच गावावरून वर गेल्या, म्हणून लिहितो. आमच्याकडं ट्रेकवाल्यांच्या जेवणाची सोय असते. पिठलं, भाकरी, ठेचा, भात.

मी शाळेत होतो तेव्हापासून मुंबईचे एक काका यायचे, दर मार्गशीर्षात. पहिल्या वर्षी कुणाशी बोलले नाहीत. वर गेले, दोन रात्री राहिले, खाली येऊन जेवले, पैसे ठेवले, गेले. माझी आय म्हणाली, या माणसाच्या घरात काहीतरी झालंय. पण तिनं विचारलं नाही. आमच्यात असं विचारत नाहीत, माणूस जेवून सावरला की आपणच सांगतो. दुसऱ्या वर्षी पण तसंच. तिसऱ्या वर्षी भाकरी खाता खाता म्हणाले, माझा मुलगा तुमच्या मुलाएवढा होता. आयनं त्यांच्या ताटात अजून एक भाकरी वाढली आणि म्हणाली, आवणीला या.

आणि ते खरंच आले, जुलैमध्ये. मुसळधार पाऊस, डोक्यावर इरलं, गुडघाभर चिखल. भाताची रोपं लावायला त्यांना जमत नव्हतं. ओळ वाकडी जायची, बाया हसायच्या. चौथ्या दिवशी सरळ ओळ आली तेव्हा ते चिखलातच उभे राहून रडले. नंतर सात-आठ वर्षं येत होते. आता वय झालंय, फोन येतो. पाऊस किती झाला, आवणी उरकली का, हे विचारतात.

आम्हाला हा डोंगर रोजचाच. उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागतं, पावसात आजारी माणूस खाली न्यायचा म्हणजे हाल. त्यामुळं तुम्ही लिहिता तसं आम्हाला वाटत नाही. पण आयला विचारलं तर ती म्हणते, माणसं वर जाताना वेगळी असतात आणि उतरताना वेगळी, ते मला जेवायला बसल्यावर कळतं.

*

कोल्हापूर, निवृत्त शिक्षक

पत्नीच्या आजारपणात चार वर्षं घरात होतो. ती गेल्यावर मुलाने ओढून पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला नेलं. आषाढातला पाऊस. मसाई पठारावर शेजारचा माणूस दिसत नव्हता एवढं धुकं. रात्री एका वाडीत घराच्या ओसरीवर चाळीस माणसं दाटीवाटीने झोपलो, ओल्या कपड्यांचा वास, कुणाचा पाय कुणाच्या पाठीला. चार वर्षं मी एका खोलीत एका श्वासाकडे कान लावून झोपत होतो. त्या रात्री चाळीस जणांचे श्वास होते आणि एकाचीही जबाबदारी माझ्यावर नव्हती. एवढंच लिहायचं होतं.

*

ग्लासगो, वय ३५

आमचं तिसरं बाळ पोटातच गेलं. आधीची दोनही तशीच. नवरा आणि मी एका घरात राहून एकमेकांशी फक्त बिलं आणि भाजी यांबद्दल बोलत होतो.

मल्गायहून फोर्ट विल्यमपर्यंत वेस्ट हायलँड वे नावाची पायवाट जाते, १५४ किलोमीटर. जूनमध्ये आठ दिवस रजा काढून निघालो. आई पुण्याहून रोज विचारायची, 'अगं, ती जागा कुणाची? हाकलून नाही ना देणार?' तिला समजावून सांगितलं. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरायचा आणि राहायचा हक्क मिळाला आहे. थोडी माणसं, एका जागी दोन-तीन रात्रींहून जास्त नाही, आणि निघताना मागे काही ठेवायचं नाही. लॉक लोमंडच्या काठावर काही पट्ट्यांत मात्र मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो, तो आम्ही आधी काढला होता.

तंबू एकट्याने लावता येतो, पण वारा असला की दोघं लागतात. 'ते टोक धर', 'सोडू नकोस', 'आता ओढ'. कित्येक महिन्यांनी आम्ही एकमेकांना काहीतरी करायला सांगत होतो. संध्याकाळी मिजेस येतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारे चावरे किडे, ढगाने येतात. त्यामुळे आठ वाजताच तंबूची चेन लावून आत. बाहेर अकरापर्यंत उजेड. झोप येत नाही, फोनला रेंज नाही, जायला जागा नाही. दोन माणसांना निमूट शेजारी पडून राहावं लागतं.

पाचव्या रात्री इन्व्हरोरनच्या पुलाजवळ होतो, दुसऱ्या दिवशी रॅनक मूर ओलांडायचं होतं. पाऊस कापडावर वाजत होता. नवऱ्याने आम्ही बाळासाठी ठरवलेलं नाव घेतलं. मोठ्याने, पहिल्यांदाच. मग मीही घेतलं. आम्ही ते नाव रात्रभर घेत होतो.

मूल अजून नाही. पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. आता निदान त्याबद्दल बोलतो.

*

धागा काढणारी

एकेक अनुभव दोन-दोनदा वाचला. ठाण्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येकाने वाचावं. पाचनईच्या दादा, तुमच्या आईंच्या हातची भाकरी मी खाल्ली असेन, माझा चेहरा त्यांनी तेव्हा कसा वाचला असेल कोण जाणे.

मुक्कामाबद्दल खूप जणांनी विचारलं आहे. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि इतरही बऱ्याच संरक्षित गडांवर रात्री राहू देत नाहीत. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी वनखात्याला आणि पायथ्याच्या गावात विचारा. राहू देत नसतील तर पायथ्याच्या घरात राहा, अंगणात झोपा, तारे तेच असतात. वाळल्या गवतात शेकोटी करू नका. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर आणि अत्तर दोन्ही वर्ज्य. मागच्या वर्षी एका ग्रूपमधल्या मुलीने परफ्यूम मारला होता, तिला माश्यांनी कसं फोडून काढलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि सोलापूरच्या ताईंनी निरोपात विचारलं आहे, 'यांची सॅक अजून माळ्यावरच आहे, मी काय भरू?' ताई, आधी त्यातलं काही काढू नका. त्यात तीन लिटर पाणी, टॉर्चचे नवे सेल, एक जाड स्वेटर, कानटोपी, जास्तीचे मोजे, ताट-वाटी आणि पेला टाका. वजन जास्त वाटलं तर मला द्या, माझ्या सॅकमध्ये जागा असते. आम्ही पुढच्या शनिवारी पहाटे साडेपाचला शिवाजीनगरहून कोतूळमार्गे पाचनईला निघतोय. तुम्ही शुक्रवारी रात्रीच माझ्याकडे मुक्कामाला या.