मीटमध्ये अँपची क्रमवारी लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार

अर्धा_डेसिबल
काचनळी यांनी परवाच्या हेडफोन-मीटचा (हौशी लोक आपापले हेडफोन आणि अँप आणून एकमेकांना ऐकवतात, तो मेळावा) वृत्तान्त टाकलाय. सारांश असा: स्वतःचा एचडी ६५० हेडफोन घेऊन ते टेबलं फिरले, पाच अँप (हेडफोनला ताकद देणारे अँप्लिफायर) ऐकले आणि एक ते पाच नंबर देऊन मोकळे झाले. पहिला आला ट्यूबचा ओटीएल, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला अँप ("पडदा हटल्यासारखं झालं, बेसला अंग आलं"), शेवटचा आला छोटा ट्रान्झिस्टर अँप ("कोरडा, जीवच नाही"). दोघांत म्हणे जमीन-अस्मानाचा फरक. खाली +१ ची रांग.

मीही तिथेच होतो, म्हणून राहवत नाही. आवाज कोणी जुळवला होता? आधीच्या माणसाने नॉब जिथे सोडला, तिथून पुढे ज्याची त्याची मर्जी. एका टेबलावर गेन (अँप आवाज किती पटीने वाढवतो ते) लो, शेजारी हाय. डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत करणारा डबा) वेगळे, गाणी वेगळी. अर्धा-एक डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) वरचढ वाजणारा अँप आपल्याला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. हे इथे सगळ्यांना पाठ आहे आणि मीटमध्ये शिरताना सगळे ते चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवतात.

त्यात ती खोली. इतकी माणसं एकाच वेळी बोलतायत आणि आपण ओपन बॅक, म्हणजे मागून उघडे हेडफोन घालून "बारकावे" ऐकतोय. रिव्हर्बची (घुमणाऱ्या आवाजाची) शेपटी, श्वास, तारेवरचं बोट, सगळं त्या कलकलाटात बुडतं. मग माणूस नॉब पुढे ढकलतो. आवाज वाढला की कानाला बेस त्याहून जास्त वाढल्यासारखा लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. अंग आलं ते असं.

हेडफोनबद्दल खुशाल लिहा, तिथले फरक झोपेतही कळतील. अँपची क्रमवारी मात्र आवरा.

काचनळी
नमस्कार पोचला. मीट म्हणजे प्रयोगशाळा नव्हे हो. लोक हौसेने आपली जड धुडं उचलून आणतात, अनोळखी माणसाच्या हातात देतात, तिथे मी मल्टिमीटर काढून "थांबा, आधी मोजतो" म्हणू?

आणि ही एका दुपारची करामत नाही. तो "मापात उत्तम" ट्रान्झिस्टर अँप माझ्याकडे बराच काळ होता. आलेख बघून घेतला होता. संध्याकाळी हेडफोन उचलायचो, दोन गाण्यांत खाली ठेवायचो. ट्यूब आला आणि पहाट कधी होते कळेनासं झालं. हे कुठल्या आलेखात बसवू? तुम्ही डीबी ऐकता, आम्ही गाणी ऐकतो.

संथ_लय
+१ काचनळी. शेवटचं वाक्य भिंतीवर लावण्यासारखं.

अर्धा_डेसिबल
भिंतीवरच लावा, कारण त्यात उत्तर काहीच नाही.

ओहमकार
दोघंही अर्धंच बोलताय. ६५० चा इम्पिडन्स (विद्युत प्रवाहाला होणारा विरोध) कागदावर ३०० ओहम असला तरी १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. ओटीएलचा आउटपुट इम्पिडन्स १२० धरा. ३०० वर २.९ डीबी पडतात, ५०० वर १.९. म्हणजे मिड्सच्या (मधल्या सुरांच्या) तुलनेत बेसच्या वरच्या भागाला सुमारे १ डीबीचा उठाव. छोट्या अँपचा आउटपुट १ ओहमच्या आत, तिथे हा फरक शंभराव्या भागात. तेव्हा काचनळींना बेसला आलेलं अंग ही कल्पना नाही, साधा व्होल्टेज डिव्हायडर आहे: अँप आणि हेडफोन यांच्यात व्होल्टेज इम्पिडन्सच्या प्रमाणात वाटलं जातं.

पण हाच ओटीएल प्लॅनरला (सपाट पडद्याच्या हेडफोनला) लावा. प्लॅनरचा इम्पिडन्स सपाट, त्यामुळे उठाव शून्य, नुसता आवाज पडतो. ६० ओहमच्या प्लॅनरवर साडेनऊ डीबी गेले. मग लोक लिहितात "या अँपला प्लॅनर आवडत नाही". अँपला आवडीनिवडी नसतात.

आणि "अँप सगळे सारखेच" म्हणणाऱ्यांसाठी: ११० डीबीच्या शिखराला ६५० सव्वादोन व्होल्ट मागतो, म्हणजे जेमतेम १७ मिलिवॅट. सुसवारा या ६० ओहमच्या प्लॅनरची सेन्सिटिव्हिटी (एका मिलिवॅटला किती आवाज) ८३ डीबी. त्याच शिखराला त्याला अर्धा वॅट लागतो, साडेपाच व्होल्ट. पहिल्याला फोनचा डोंगलही (फोनला हेडफोन जोडायचं छोटं अडॅप्टर) बऱ्यापैकी हलवतो. दुसऱ्याला तो लावलात तर त्या शिखरापर्यंत आवाज पोचणारच नाही.

काचनळी
घ्या. म्हणजे फरक आहे.

अर्धा_डेसिबल
आहे, पण तो अँपच्या "आत्म्याचा" नाही, एका रेझिस्टरचा आहे. माझ्या छोट्या अँपपुढे १२० ओहमचा रेझिस्टर लावतो, बेसला तेवढंच अंग येईल आणि काचेची नळी तापवावी लागणार नाही. १९८५ साली अँप बनवणाऱ्या बॉब कार्व्हरने 'स्टिरिओफाइल' मासिकवाल्यांसमोर हेच केलं ना? ट्रान्झिस्टर अँप त्यांच्या पसंतीच्या ट्यूब अँपशी नल टेस्टने (दोघांच्या आउटपुटमधला फरक शून्याकडे नेत) जुळवत नेला, शेवटी ऐकणाऱ्यांना वेगळं काढता येईना.

काचनळी
जुळवायला काहीतरी वेगळं होतं म्हणूनच जुळवावं लागलं, साहेब. सारखेच असते तर कार्व्हर घरी बसला असता. आणि ते स्पीकरचे अँप होते. आपल्या सोयीचा अर्धा किस्सा सांगायची सवय चांगली नाही.

अर्धा_डेसिबल
"पडदा हटला" ही सवय त्याहून वाईट. पडद्याचं माप काय, मीटरवार की पन्ह्यावर?

काचनळी
ज्याला ऐकू येत नाही त्याने मापंच घेत बसावं.

जाड_भिंगं
थोडं अवांतर. मीटमध्ये चष्म्याबद्दल कोणीच का बोलत नाही? एका टेबलावर मोठा प्लॅनर डोक्यावर चढवला, बेस गायब. तसं म्हटलं तर मालक म्हणाले, "तुमच्या कानांना अजून सवय नाही, हा खरा बेस असाच असतो." मी मान डोलावली. उठताना चष्मा पुसायला काढला, हेडफोन अजून डोक्यावरच, आणि गाण्याखालून एकदम डबल बास उगवला. काडीने पॅड उचलून धरलं होतं! पुन्हा घातला, गेला. काढला, आला. मालक तोवर दुसऱ्या कुणाला तोच "खरा बेस" समजावत होते. तोही चष्मेवालाच.

संथ_लय
अगदी. माझ्या काड्या जाड आहेत, सपाट चामडी पॅड असलेला कुठलाच हेडफोन मला धड बसत नाही. वेलूरची मऊ पॅड थोडी सांभाळून घेतात.

ओहमकार
वेलूरमधून हवा जाते, तिथे सील (पॅड आणि डोकं यांच्यातली हवाबंद जोड) आधीच ढिलं असतं. म्हणून काडीने फारसं बिघडत नाही, बेसही तितका खोल नसतो. पुढून बंद प्लॅनरला मात्र सील फुटलं की खालचे ३०-४० हर्ट्झ कित्येक डीबींनी कोसळतात.

कर्णमधुर
चष्मा काढून ऐका की. पाच मिनिटांचा तर प्रश्न.

जाड_भिंगं
चष्मा काढला तर नॉब दिसत नाही, गेनचा स्विच दिसत नाही, मालक कोण तेही दिसत नाही. मागे एकदा काढून ठेवला तर कुणाच्या तरी अँपवर राहिला आणि तापलेल्या ट्यूबशेजारी त्याची काडी वाकली.

कर्णमधुर
मग कॉन्टॅक्ट लेन्स लावा, हा काही धाग्याचा विषय आहे का?

जाड_भिंगं
हेडफोन ऐकायला मी डोळ्यात लेन्स घालू? पॅड नीट बनवणं हे बनवणाऱ्याचं काम. तुमची दृष्टी चांगली आहे, अभिनंदन. पुढचं बोलू नका.

संथ_लय
आणि पॅडवरच्या घामाबद्दलही कोणी बोला. मीटच्या शेवटी ती पॅड कानाला लावायची म्हणजे धाडस. पुसायला साधं कापड ठेवा म्हटलं तर लोकांना अपमान वाटतो. केस, कानातले डूल, सगळ्यांनी सील फुटतं ते वेगळंच.

कर्णमधुर
धाग्याचं काश्मीर झालं, विषय भरकटला. अभिनंदन.

ओहमकार
झालं नाही, उलट मुद्द्यावर आलं. चष्म्याच्या काडीने कित्येक डीबी हलतात. हेडफोन डोक्यावर बोटभर पुढेमागे झाला तर ट्रेबल बदलतो. दबलेली जुनी पॅड आणि नवी पॅड यांत ६५० ओळखू येणार नाही इतका बदलतो. आणि आपण भांडतोय एका डीबीवर, तोही एकाच हेडफोनवर एकाच अँपबरोबर येणाऱ्या. काचनळी, प्रत्येक टेबलावर तुम्ही ६५० काढून पुन्हा घातलात. दर वेळी तो त्याच जागी बसला?

काचनळी
माझा हेडफोन आहे, मला माहीत आहे तो कसा बसतो. चष्मा मला नाही.

अर्धा_डेसिबल
मग सोपं आहे. पुढच्या मीटला एक कोपरा घेऊ. एकच डॅक, दोन्ही अँप, मध्ये स्विच, हेडफोन डोक्यावरून काढायचाच नाही. हेडफोन जोडलेला असताना टोकांवर १ किलोहर्ट्झला व्होल्टेज जुळवतो. १६ पैकी १२ ओळखा. नुसत्या अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता चार टक्क्यांखाली आहे. जमलं तर तुमची क्रमवारी मी स्वतः वर चिकटवतो.

ओहमकार
१ किलोहर्ट्झला जुळवलंत तर ओटीएल १०० हर्ट्झला १ डीबी वरच राहणार. ते काचनळींना नक्की ओळखता येईल.

अर्धा_डेसिबल
म्हणून दुसऱ्या फेरीत छोट्या अँपला रेझिस्टर.

काचनळी
वा! मी जिंकलो की लगेच नियम बदलणार. बरं, बसतो. माझ्या अटी: ट्यूब नीट तापू द्यायच्या, गाणी माझी, आणि मागे उभं राहून कोणी "आता कुठला सांगा बघू" म्हणायचं नाही. दुसऱ्या फेरीत हरलो तर एवढं मान्य करीन की तुमचा अँप रेझिस्टर लावल्यावर ऐकण्यालायक होतो. रेझिस्टरला नंबर कितवा द्यायचा ते बघू.

नवखा_कान
मी पहिल्यांदाच येणार आहे. ६५० आहे, फोनच्या डोंगलवर ऐकतो, आवाज पुरतो. अँप घ्यायचा की नाही?

अर्धा_डेसिबल
नाही.

काचनळी
हो.

जाड_भिंगं
चष्मा आहे का तुम्हाला? असेल तर आधी पॅड बघा.