'आजची गाणी म्हणजे व्हिडिओ गेमचा आवाज' : हा अपमान नेमका कुणाचा?

पार्कचौकवाला:

परवा सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरातला गाण्याचा कार्यक्रम संपल्यावर बाहेर चहाला उभे होतो. एक जाणते रसिक म्हणाले, "आजची गाणी म्हणजे निव्वळ व्हिडिओ गेमचा आवाज." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे घालतो. हे वाक्य गाण्यांना लागत असेल तर लागो, पण गेमच्या संगीताला शिवी म्हणून ते चालणार नाही.

नव्वदच्या दशकात आपण टीव्हीला जो डबा जोडायचो, ज्यात कॅसेट फुंकून घालायचो, तो निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल होता. मूळ यंत्रात आवाजाला पाच वाटा होत्या. चौकोनी लहरीच्या दोन, त्रिकोणी लहरीची एक, खरखरीची एक, आणि ध्वनिमुद्रणाचे लहान तुकडे वाजवणारी पाचवी. म्हणजे सुरातले आवाज एका वेळी तीन. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सुविचाराचा फोटोसुद्धा सहसा त्याहून जड असतो. एवढ्याशा जागेत संगीतकार कोजी कोंडो यांनी काय केलं बघा. पातळी संपून मारिओ झेंड्याच्या खांबावरून खाली आला की एक लकेर वाजते. पेटीची पांढरी एक षड्ज धरा. मुख्य धून बहुतेक शुद्ध स्वरांच्या वळणाची, पण ही लकेर आधी षड्जावर, मग कोमल धैवतावर, मग कोमल निषादावर कॉर्ड मांडत वरच्या षड्जाला पोचते. दुसरीतल्या पोरांच्या कानाला हे वळण फुकटात मिळालं. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत याच गेमची मुख्य धून घेतली. गेमचं संगीत त्या यादीत जाण्याची ती पहिलीच वेळ.

आता गाण्यांकडे या. २०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातली साडेचार लाखांहून जास्त ध्वनिमुद्रणं संगणकाने तपासली. एका स्वरसमूहावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटा कमी होत गेल्या, वाद्यांचा पोत एकसारखा होत गेला आणि आवाज मात्र चढत गेला, असं त्यांना दिसलं. मुद्दा असा की गाणं सोपं होत चाललंय आणि गेमचं संगीत अवघड. खोडायचंय त्यांनी खोडावं.

ना_धिं_धिं_ना:

खोडतो. पहिली गोष्ट, ती ध्वनिमुद्रणं पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची होती. मराठी गाण्यावर तो निकाल चिकटवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? दुसरी, त्यांनी पाहिलं काय तर स्वर, पोत आणि आवाजाची पातळी. लय कुठाय? शब्द कुठायत? गायकाने श्वास कुठे घेतला ते कुठाय?

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भूप आणि देशकार घ्या. दोन्हीत सा रे ग प ध, तेच पाच स्वर. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देशकाराचा धैवत. एक रात्रीचा, एक सकाळचा. मोजणाऱ्याच्या खात्यात दोघांचा साठा सारखाच. ऐकणाऱ्याला मात्र पहिल्या दोन आलापांत कळतं की घर वेगळं आहे. ही गुंतागुंत तुमच्या कुठल्या रकान्यात भरणार? कोमल धैवत वाजला म्हणून लगेच खोली येत नाही. आमच्या गल्लीतल्या रिक्षाच्या रिव्हर्स हॉर्नमध्येपण कोमल स्वर आहेत.

पार्कचौकवाला:

रिक्षाचा हॉर्न लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेल्याचं ऐकिवात नाही.

ना_धिं_धिं_ना:

यादीत गेलं म्हणजे थोर झालं, हा मुद्दा असेल तर मी थांबतो.

हलगी_आणि_घुमकं:

मालक, तुम्ही दोघं पण खुर्चीत बसून ऐकणारे. मी बँजो पार्टीत वाजवतो. वरातीत चार तास चालत वाजवायचं असतं, पुढं पोरं, मागं बायका, मधे ट्राफिक. तिथं कोमल धैवत कोण विचारतंय? अवघड काय असतं सांगू का, पोरं दमली की लय कधी खाली घ्यायची आणि कुणाला न कळता परत कधी चढवायची. जरा लवकर चढवली तर कुणी उठत नाही, उशीर केला तर लोक पाणी प्यायला गेलेले असतात.

आणि 'आजची गाणी' म्हणजे कुठली ते तरी सांगा. 'सैराट' आपल्या करमाळ्याकडचा. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून आले. २०१६ पासून त्यातलं 'झिंगाट' वाजवलं नाही अशी वरात मला आठवत नाही. आमच्याकडं व्हायोलिन एक पण नाही, तरी पोरं नाचतात. म्हणजे ऑर्केस्ट्रा काढून घेतला तरी गाणं उभं राहतं. हे सोपं गाणं म्हणायचं का पक्कं गाणं?

पार्कचौकवाला:

पक्कं. पण तुम्ही उदाहरणच असं उचललं की मला बोलता येईना. त्याच्यानंतर निघालेली, त्याच ठेक्याची गाणी घ्या की. रीलपुरता अर्ध्या मिनिटाचा तुकडा आधी बनतो, अंतरा नंतर चिकटवतात.

जेकार्ड_भवानीपेठ:

४० किलोबाइटचं कौतुक वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या घरात माग होते, त्यामुळे मला ही गोष्ट वेगळी दिसते. चादरीवरची नक्षी मागाला ठाऊक नसते. ती जेकार्डच्या कार्डांमध्ये असते. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. भोक असेल तिथला ताणा, म्हणजे उभा धागा, वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. कार्डांची माळ संपली की पुन्हा पहिलं कार्ड. मारिओची कॅसेट अगदी हेच करते. तिच्यात गाणं भरलेलं नाही, 'आता हा स्वर, इतका वेळ' एवढी आज्ञा आहे. म्हणून ती लहान. तेव्हा फाईल लहान असणं हा संगीताचा गुण धरू नका. ती जपून केलेली साठवण झाली. डिझाइन काढणाऱ्याची कला वेगळी, ती आलेख कागदावर आधीच होऊन गेलेली असते.

पण माग आणि गेम यांच्यात एक फरक आहे आणि तो दोघांनीही सोडून दिला. चादर कोण बघतंय याने मागाला फरक पडत नाही. गेमला पडतो. १९७८ चा 'स्पेस इनव्हेडर्स' आठवा. खाली उतरणारे चारच स्वर, पुन्हा पुन्हा. तुम्ही जितके शत्रू माराल तितके उरलेले जोरात सरकतात आणि ते चार स्वरही त्यांच्याबरोबर पळायला लागतात. मारिओत घड्याळ शंभरावर आलं की धून धावते. १९९१ मध्ये 'मंकी आयलंड २' या गेमसाठी मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी 'आयम्यूज' नावाची पद्धत वापरली. त्यात एक गाव आहे. रस्त्यावर मूळ धून चालू असते. तुम्ही एखाद्या दारातून आत गेलात की तीच धून त्या जागेच्या वाद्यांवर आणि वळणावर जाते, बाहेर आलात की परत मूळ. मधे तुटत नाही, कारण यंत्र तुकडा बदलायला योग्य जागा येईपर्यंत थांबतं. संगीतकाराने इथे नुसती धून लिहिलेली नाही, तिथून फुटणाऱ्या सगळ्या वाटा लिहिल्यात. ऐकणारा किती वेळ त्या दारात रेंगाळेल हे त्याला ठाऊक नसताना.

गुंतागुंत शोधायची तर इथे शोधा. पाच वाटा आणि कोमल धैवत यावर भांडणं म्हणजे चादरीचे धागे मोजणं.

मोडनिंबचा_पाव्हणा:

जेकार्ड अण्णांचं वाचून हसू आलं. ऐकणारा किती वेळ रेंगाळेल ठाऊक नसताना वाजवायचं, हे आमच्या ढोलकीवाल्याला १९९१ मध्ये कुणी शिकवायला आलं नव्हतं. नाचणारीनं अदा लांबवली की तो खेळवत राहतो, तिच्या पायाकडं नजर लावून. दौलतजादा, म्हणजे पैसे उधळणं, सुरू झाली, गाणं मधेच थांबलं, तर परत कुठून उचलायचं हे इशाऱ्यावर ठरतं.

आणि अवघड विरुद्ध लोकप्रिय ही भांडणं सोलापुरात तरी करू नका. रामजोशी इथलेच. उत्तर पेशवाईतला हा शास्त्री घराण्यातला माणूस तमाशाच्या फडात उतरला आणि संस्कृतप्रचुर, यमकांनी ठासून भरलेल्या लावण्या त्यानं लोकांपुढं गायल्या. 'केशवकरणी' हे छंदाचं नाव त्याच्याच लावणीवरनं पडलं. फडातला माणूस व्याकरण शिकून आला नव्हता. तरी त्याला ती चढली.

ना_धिं_धिं_ना:

ढोलकीचा मुद्दा मान्य, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. ढोलकीवाला ऐकतो, चुकतो, चूक सावरून समेवर येतो, कधी तर चुकीतूनच नवीन तुकडा काढतो. तुमचं 'आयम्यूज' काय करतं? आधी लिहिलेल्या वाटांतली एक निवडतं. कितीही वाटा असल्या तरी त्या मोजून संपतात. साथ करणं आणि कप्पे उघडणं यांत फरक आहे.

जेकार्ड_भवानीपेठ:

फरक आहेच. पण तुमचा मघाचा आक्षेप होता की मोजता येतं ते खोल नसतं. आता म्हणता की वाटा मोजून संपतात म्हणून खोल नाही. म्हणजे पुन्हा मोजणीवरच आलात. आणि तबल्याचं विचाराल तर ठेक्याच्या मात्रा बारा की सोळा हेही मोजलेलंच आहे. यंत्र जोडायच्या जागेपर्यंत थांबतं ते समेची वाट बघण्याच्या जवळचं आहे, एवढंच मी म्हणतो.

लॉबीत_उभा:

काका लोक, मधे बोलतो सॉरी. आम्ही बीजीएमआय खेळतो, मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम. म्यूझिक लॉबीत असतं, म्हणजे मॅचच्या आधी थांबतो तिथं, मॅच सुरू झाली की आम्हाला पावलांचे आवाज पाहिजेत बे. कोण डावीकडनं येतंय, गवतातनं येतंय का लाकडी जिन्यावरनं, वरच्या मजल्यावर आहे का खाली. हेडफोनमध्ये हे नाही कळलं तर मेलास. माझ्या बरोबरचे निम्मे लोक लॉबीचं म्यूझिकपण बंद करून त्यांची स्वतःची गाणी लावतात, बऱ्याचदा तीच ज्यांना इथं शिव्या चालल्यात. तुमचा मारिओ आम्ही मीममध्ये ऐकलाय.

पार्कचौकवाला:

बाळा, तू माझ्या मुद्द्याखालची सतरंजीच ओढलीस. पण एकट्याने खेळायचे, गोष्ट सांगणारे गेम वेगळे असतात रे. ते लावून बघ. पुण्यातल्या लोकांनी २०२० मध्ये 'राजी' काढला होता, तिथपासून सुरुवात कर.

लॉबीत_उभा:

माझ्या मोबाईलवर चालेल असं सांगा की.

पेटीवाल्या_बाई:

मी मुलांना पेटी शिकवते, जुळे सोलापूरला. मुलं अलंकार टाळतात आणि मोबाईलवरच्या गेमच्या धुना वाजवून मागतात, म्हणून या विषयावर मला बोलायचा हक्क आहे असं समजते.

पार्कचौकवाल्यांनी सांगितलेली मारिओची लकेर मी वाजवून पाहिली. बोटांना अवघड नाही. मुख्य धून मात्र मुलांना जमत नाही, आणि कारण स्वर नाहीत. तिचे आघात मात्रेवर पडत नाहीत, मात्रेच्या जरा आधी पडतात. आपली मुलं टाळी देऊन शिकतात, तेव्हा हात मात्रेकडे ओढला जातो. उलट एखादा साधा अभंग पहिल्याच आठवड्यात वाजवता येतो आणि तोच गायला बसलं की वर्ष जातं. तेव्हा 'अवघड' म्हणताना कुणाला अवघड ते आधी लिहा. वाजवणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, की रचणाऱ्याला? इथे प्रत्येक जण वेगळ्याला धरून बोलतोय आणि दुसऱ्याने उत्तर दिलं नाही म्हणून चिडतोय.

गाण्यांबद्दल मी पार्कचौकवाल्यांच्या बाजूची आहे, पण कारण वेगळं. सूर सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरने मिंड आणि कण, म्हणजे स्वरांमधली घसरण आणि निसटते स्पर्श, घासून टाकले. मुलं ते ऐकून गातात आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर पायरी उतरल्यासारखी उतरतात. संशोधनातल्या आकड्यांपेक्षा मला हे रोज वर्गात दिसतं.

पंढरपूरकर:

वारीत 'ज्ञानोबा माउली तुकाराम' याच्यापलीकडे शब्द नाहीत, चालही चार पावलांची. लाखो लोक आळंदीपासून तेच म्हणत येतात. गुंतागुंत शून्य. एवढंच.

ना_धिं_धिं_ना:

शून्य कशी? त्याच दिंडीत पखवाजी काय वाजवतो ते कान देऊन ऐका. शब्द दोन-तीन आहेत म्हणून वरचं सगळं सोपं होत नाही. बाईंचा प्रश्न बरोबर आहे, पण माझं उत्तर ठरलेलं आहे. ऐकणाऱ्याला शंभराव्या वेळी नवीन काही सापडतं का, ही माझी कसोटी. पखवाज त्यात पास. मारिओ नाही. बँजो पार्टी तर नाहीच.

हलगी_आणि_घुमकं:

तबलजी, हे जरा जास्त झालं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला या जानेवारीत. थंडीत हलगीचं कातडं ढिलं पडतं, जाळावर शेकून घ्यावं लागतं, तेवढ्यात दुसरा सूर सांभाळतो. लेझीमची पोरं साठसत्तर. डाव बदलायचा असतो तेव्हा कुणी ओरडत नाही, शिट्टीपण नसते. हलगीतून एक तुकडा जातो आणि सगळ्यांचे पाय एकदम बदलतात. दर वर्षी तोच तुकडा नसतो, समोर पोरं कशी आहेत त्याच्यावर असतो. तुमच्या त्या लिपीत, मात्रा पाडून, तो तुकडा लिहून दाखवा. मग मारिओ पास का नापास ते बोलू.

ना_धिं_धिं_ना:

येतो. लिहूनही दाखवीन. पण लिहिता आला तर तो सोपा ठरणार की अवघड, हे जेकार्ड अण्णांसमोर आधी ठरवून घेऊ. नाहीतर नंतर दोन्ही बाजूंनी तुम्हीच जिंकाल.